विदर्भातल्या खेड्यातून कुटुंब-समुपदेशनाकडे: पदवीनंतर काय, कुठे आणि कसं शिकायचं

बी.ए., बीएसडब्ल्यू किंवा होम सायन्सची पदवी हातात आहे, गाव दारव्हा, मेहकर, आरमोरी नाहीतर धारणीच्या बाजूचं आहे, आणि नवरा-बायको, सासू-सून, बाप-लेक यांच्यातल्या गुंत्यावर काम करायचं मनात आहे, अशा मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. विचारणा मुलींकडूनच जास्त येते. मुलांनीही यावं असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे घरातला कर्ता माणूस बोलत नाही, आणि त्याच्याशी बोलायला बसेल असा शिकलेला माणूस तालुक्यात सापडत नाही.

आधी या क्षेत्राची कायदेशीर बाजू समजून घ्या, म्हणजे पुढे फसगत होणार नाही. अमेरिकेत विवाह आणि कुटुंब थेरपी हा स्वतंत्र व्यवसाय आहे. तिथल्या पन्नासही राज्यांत त्याचा वेगळा परवाना असतो, आणि त्यासाठी पदव्युत्तर पदवी, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली केलेलं काम आणि परीक्षा हे सगळं लागतं. भारतात या नावाचा वेगळा परवाना नाही. मानसिक आजारांची तपासणी आणि मानसोपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, नोंदणी आरसीआय, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया करते. २०२१ मध्ये अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा झाला. त्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, वैद्यकीय आणि मनोरुग्ण विभागातले समाजकार्यकर्ते आले आहेत. पण 'फॅमिली थेरपिस्ट' म्हणून आज तुम्हाला कुणी नोंदणी क्रमांक देणार नाही, आणि चौकात 'समुपदेशन केंद्र' अशी पाटी लावली तर कुणी हटकणारही नाही. म्हणून चांगलं शिक्षण कोणतं आणि नुसतं प्रमाणपत्र कोणतं, हे आपलं आपल्यालाच ओळखावं लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: फी भरण्याआधी काम जवळून पाहा

ज्या तालुक्यात राहता तिथेच सुरुवात करा. जिल्ह्याच्या ठिकाणी छळ झालेल्या महिलांना एकाच जागी मदत देणारं 'सखी' वन स्टॉप सेंटर असतं. पोलिसांकडे महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष असतो. हे कक्ष १९८४ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने, म्हणजे 'टिस'ने, पोलिसांसोबत सुरू केले आणि पुढे राज्यभर पसरले. नागपूर शहरात पोलिसांचा भरोसा सेल आहे. सरकारी दवाखान्यात किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक चालतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथकही असतं. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलडाणा आणि वर्धा हे विदर्भातले सहा जिल्हे २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'प्रेरणा' या शेतकरी समुपदेशन प्रकल्पात आहेत. यातल्या एखाद्या ठिकाणी रीतसर अर्ज देऊन विचारा. प्रत्यक्ष समुपदेशनाच्या खोलीत तुम्हाला बसवणार नाहीत, बसवूही नये. पण बाहेरच्या बाकावरून, नोंदवहीच्या कामातून, आशाताईंसोबत घरभेटीला जाऊन खूप कळतं.

बघायचं काय, तर आलेली माणसं कशासाठी आली असं सांगतात आणि अर्ध्या तासाने काय सांगतात. "डोकं दुखते" म्हणून आलेली बाई हळूहळू नवऱ्याच्या दारूवर येते. "पोट्टं अभ्यास करत नाही" म्हणून आलेला बाप बायको माहेरी गेल्याचं शेवटी सांगतो. हे ऐकताना तुमचा जीव कंटाळतो, की आणखी ऐकावंसं वाटतं? आणि दुसरं: ऐकता ऐकता तुमच्या मनात लगेच निकाल तयार होतो का, की "चूक सासूचीच आहे"? तो सगळ्यांच्याच मनात तयार होतो. तो थोडा वेळ बाजूला ठेवता येतो का, एवढंच तपासा.

खेड्यातली माणसं अशा मदतीसाठी येणारच नाहीत असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांना अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत चाललेल्या 'विश्राम' कार्यक्रमाचं सांगा. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलायला सुरुवात केल्यावर, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

दुसरी पायरी: कोणत्या दाराने आत जायचं

दारं मुख्यतः तीन.

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, हे दार खेड्यातून येणाऱ्यासाठी मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. कोणत्याही शाखेचा पदवीधर साधारणपणे अर्ज करू शकतो, दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, आणि आठवड्यातले साधारण दोन दिवस क्षेत्रकार्य असतं. नागपूरला मातृ सेवा संघाची समाजकार्य संस्था आणि तिरपुडे समाजकार्य महाविद्यालय ही जुनी नावं आहेत. अमरावती आणि गोंडवाना विद्यापीठांच्या क्षेत्रातही महाविद्यालयं आहेत. विशेषीकरण निवडायची वेळ आली की कुटुंब, बालक किंवा वैद्यकीय-मनोसामाजिक कार्य यांपैकी जे असेल ते घ्या. कौटुंबिक न्यायालयाच्या समुपदेशक पदासाठीही समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि कौटुंबिक समुपदेशनाचा अनुभव मागतात, हे ध्यानात ठेवा. बाहेर जायची तयारी असेल तर 'टिस'चे अभ्यासक्रम आहेत, त्यासाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते.

एम.ए. मानसशास्त्र हे दुसरं दार. आजार ओळखणं, चाचण्या, संशोधन यांचा पाया इथे पक्का होतो. पण प्रत्यक्ष माणसांसोबतचं काम काही ठिकाणी फारच थोडं असतं, आणि नुसत्या एम.ए.वर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेता येत नाही. त्यासाठी आरसीआयमान्य पुढचं प्रशिक्षण लागतं. पूर्वी ते म्हणजे दोन वर्षांची एम.फिल. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांनी एम.फिल. ही पदवीच बंद केली. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना तेवढी २०२५-२६ पर्यंत मुदत मिळाली. आता आरसीआयच्या संकेतस्थळावर जो अभ्यासक्रम मान्य म्हणून दिसेल तोच खरा. एजंटाने दाखवलेल्या जुन्या माहितीपत्रकावर जाऊ नका.

तिसरं दार म्हणजे इग्नूचा समुपदेशन आणि कुटुंब थेरपी हा अभ्यासक्रम. नावातच कुटुंब थेरपी असलेला, दूरशिक्षणातला हा देशातला ठळक अभ्यासक्रम. त्यात पदविका आणि एम.एस्सी. असे दोन टप्पे आखलेले आहेत. इथे एक सावधगिरी फार महत्त्वाची. अलाइड हेल्थकेअर कायद्याखाली येणारे विषय, त्यात मानसशास्त्रही आलं, दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन शिकवू नयेत, असं यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून सांगितलं आहे. त्यामुळे घरबसल्या मानसशास्त्राची एम.ए. देतो म्हणणाऱ्या कोणत्याही विद्यापीठाला पैसे भरण्याआधी, त्या अभ्यासक्रमाला त्या सत्रासाठी मान्यता आहे का, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत स्वतः बघा. इग्नूलाही हाच नियम लावून बघा. आधीच्या सत्रात प्रवेश झालेला असेल तर घाबरायचं कारण नाही.

कोणतंही दार निवडा, महाविद्यालयात जाऊन तीन गोष्टी विचाराच. क्षेत्रकार्यात जोडपी किंवा कुटुंबं भेटतात, की नुसतं सर्वेक्षण आणि पथनाट्य? देखरेख करणारे शिक्षक स्वतः आजही केसेस घेतात का? आणि विद्यार्थ्याशी आठवड्यातून एकदा एकेकट्याने बसून चर्चा होते का? उत्तर देताना समोरचा विषय बदलू लागला, तर इमारत कितीही मोठी असो, दुसरं महाविद्यालय बघा. सध्याच्या विद्यार्थ्यांना कँटीनमध्ये गाठून हेच विचारा, ते खरं सांगतात.

पैशांचं थोडक्यात: महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरा. वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयम् अशा योजना आहेत. कोणत्या अभ्यासक्रमाला काय लागू होतं ते महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती खिडकीवर प्रवेशाआधीच विचारा. उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांनी भल्याभल्यांचं वर्ष घालवलं आहे.

तिसरी पायरी: वंशावळ काढायला शिका

या क्षेत्राचा गाभा असा की त्रास एका माणसाला होत असला तरी तो घरातल्या नात्यांच्या बांधणीत बघायचा. मरे बोवेन, साल्वादोर मिनूचिन, व्हर्जिनिया सॅटिर ही कुटुंब थेरपी घडवणाऱ्यांची नावं तुमच्या अभ्यासक्रमात येतील. आपल्याकडेही अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या घरच्यांना आवारात तंबू ठोकून राहायला बोलावलं होतं. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये कुटुंब-मानसोपचाराचं वेगळं केंद्रच आहे. म्हणजे हा विषय आपल्याला परका नाही.

सगळ्यात आधी हाताला लागणारं साधन म्हणजे जिनोग्राम, तीन पिढ्यांची नात्यांची आकृती. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ, गेलेल्या माणसावर फुली. लग्नाची आडवी रेघ, मुलांच्या उभ्या रेघा. जवळीक असेल तर दुहेरी रेघ, भांडण असेल तर नागमोडी, बोलणं तुटलं असेल तर तुटक. ज्याच्या त्रासासाठी घरचे आले त्याच्या आकृतीला दुहेरी कड.

समजा, दारव्ह्याकडची एक सून आली. म्हणते, "ते घरात बोलतच नाही मॅडम. त्याहीच्या डोक्शात काय चालू रायते, मले सुधरतच नाही." तुम्ही कागद पुढे घेता. वरच्या ओळीत सासरे आणि सासू, सातबारा अजून सासऱ्यांच्या नावावर. खाली दोन मुलगे. थोरल्यावर फुली येते. कधी गेले? २०१७, फवारणीनंतर. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले होते, जिल्ह्यातल्या माणसाला अधिक सांगावं लागत नाही. थोरल्याच्या शेजारी वर्तुळ, म्हणजे जाऊ, दोन लेकरांसह त्याच घरात. धाकटा म्हणजे हिचा नवरा, सोसायटीचं कर्ज त्याच्या नावावर. नणंद माहेरी परत आलेली. मग विचारा: घरात कोण कुणासोबत जेवतं? ती म्हणते, "पयले दोघं भाऊ एकाच ताटात जेवत." त्या एका वाक्यावर तिचं बोलणं थांबतं. आता 'न बोलणारा नवरा' ही तक्रार तीच राहिली, पण कागदावर भावाचं दुःख, दोन कुटुंबांचा भार आणि नावावर नसलेली जमीन एकाशेजारी एक आली. पुढचा प्रश्न तिला असा विचारता येतो: "भासरे गेल्यावर घरात सगळ्यात जास्त कोण बदललं, असं सासूबाईंना विचारलं तर त्या काय म्हणतील?" दुसऱ्याच्या डोळ्यांनी घराकडे बघायला लावणारा हा प्रश्न या कामात फार उपयोगी पडतो. इटलीतल्या कुटुंब थेरपिस्टांच्या मिलान गटाने तो घडवला, पण आपल्या एकत्र कुटुंबात तो चपखल बसतो.

पहिला जिनोग्राम मात्र स्वतःच्या घराचा काढा. बोवेन आपल्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या कुटुंबाचा अभ्यास करायला लावत. आपल्या घरात कोणता विषय काढला की सगळे उठून जातात, कोणती आत्या लग्नाला बोलावली जात नाही, हे कळलं नाही तर समोरच्या घरातही तुम्ही नेमके तिथेच अडाल.

पुस्तकं बहुतेक इंग्रजीत असतील. त्याचा धसका घेऊ नका. संकल्पना इंग्रजीतून वाचा, पण नोंद त्या माणसाच्याच शब्दांत लिहा. "जीव घाबरते", "मन लागत नाही", "अंगात ताकदच नाही" याच्या जागी ताबडतोब आजाराचं नाव लिहिलं की पुढचं ऐकणं संपतं. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, यवतमाळमध्ये कोलामी बोलणारी घरं आहेत. तिथल्या लग्नाच्या रीती वेगळ्या आहेत, लमझना म्हणून सासरी राहणारा जावईही असतो. तुमच्या घरची रीत मोजमाप म्हणून वापरू नका. ती भाषा येत असेल तर ती तुमची मोठी शिदोरी आहे, मुलाखतीत आवर्जून सांगा.

चौथी पायरी: देखरेख

पदवीपेक्षाही समुपदेशक घडतो तो देखरेखीत, असं माझं ठाम मत आहे. विद्यार्थ्याच्या नोंदीत एक वाक्य हमखास असतं: "नवऱ्याला समजावून सांगितलं." चांगल्या मार्गदर्शक त्या वाक्याखाली रेघ मारतात आणि विचारतात, नेमके कोणते शब्द वापरले? तो काय म्हणाला? त्यावर तुमच्या मनात काय आलं? मग निघतं की विद्यार्थिनी म्हणाली होती, "दादा, बायको म्हणजे घरची लक्ष्मी." आणि तो नुसता "हो मॅडम" म्हणाला होता. तिथे समुपदेशन झालंच नव्हतं, उपदेश झाला होता.

म्हणून नोंदी तीन रकान्यांत लिहायची सवय लावा: ते काय बोलले, मी काय बोलले, तेव्हा मला काय वाटलं. तिसरा रकाना मोकळा सोडू नका. पदवीनंतर तालुक्यात परत आलात की देखरेख तुटते, हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा तोटा आहे. शिकत असतानाच एखाद्या अनुभवी समुपदेशकाशी महिन्यातून ठरावीक वेळ बोलायचं पक्कं करा, लागल्यास मोबदला देऊन, फोनवरून. सोबत शिकलेल्या चारपाच जणांचा गट ठेवा. त्या चर्चेत नाव, गाव, आडनाव येऊ देऊ नका. आपल्याकडे आडनाव आणि गाव सांगितलं की सोयरीक निघते.

पाचवी पायरी: पंच होऊ नका

गावात भांडण झालं की बैठक बसते. वडीलधारे, सोयरे, कधी पोलीस पाटील. बयान होतं, कुणाला तरी चूक कबूल करायला लावतात, लेक नांदायला पाठवतात. तुम्ही शिकून आलात की लोक तुम्हालाही त्याच पाटावर बसवायला बघतील. "मॅडम, तुम्हीच सांगा चूक कोणाची." हे काम तुमचं नाही. राहायचं की फारकत घ्यायची, हेही तुम्ही ठरवायचं नाही. दोघांना आपलं आपल्याला ऐकू येईल इतकी शांतता आणि सुरक्षितता तयार करणं हे तुमचं काम.

मारहाण असेल तर दोघांना एकत्र बसवू नका. आधी तिला एकटीला भेटा, सुरक्षित आहे का ते विचारा. घरी परतल्यावर खोलीतल्या बोलण्याची किंमत तिलाच मोजावी लागते. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा आणि त्याचे नियम २००६ चे, हे मुळातून वाचा. कलम १४ खाली न्यायदंडाधिकारी समुपदेशन सांगू शकतात. नियमात स्पष्ट आहे की आपण हिंसा का केली याचं समर्थन समोरच्याला समुपदेशनात करता येणार नाही, आणि हे त्याला सुरुवातीलाच सांगायचं. त्याच नियमांनुसार वादाशी संबंध असलेला किंवा पक्षकारांचा नातेवाईक, सगळ्यांनी लेखी हरकत सोडल्याशिवाय, समुपदेशक होऊ शकत नाही. आपल्या भागात हा नियम रोज कामी येतो. केस आपल्या नात्यातली निघाली तर त्याच दिवशी दुसरीकडे पाठवा.

गुप्ततेला मर्यादा आहेत, त्या पहिल्याच भेटीत सांगा. अल्पवयीनावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. आत्महत्येचा विचार जाणवला तर आडून विचारू नका, सरळ विचारा. फवारणीचं औषध घरात कुठे ठेवलं आहे ते विचारा, आणि ते कुलपात किंवा दुसऱ्याच्या ताब्यात जाईल असं घरच्यांशी ठरवूनच उठा. मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६ आणि महिला हेल्पलाइन १८१ हे क्रमांक तुमच्या फोनमध्ये आणि भिंतीवर, दोन्हीकडे असू द्या.

बसायची जागा विचार करून निवडा. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोण गेलं ते सगळा पार बघतो. उपकेंद्रात बीपी तपासायला जाणारीला कुणी काही विचारत नाही. बाजाराच्या दिवशी बायांना तालुक्याला यायला निमित्त असतं, तो दिवस मोकळा ठेवा. वेचणीच्या दिवसांत भेटी तुटल्या तर तो नकार समजू नका. शेवटची एसटी किती वाजता आहे हे तुम्हाला माहीत असायलाच हवं, कारण ती सुटेल या धास्तीत कुणी मनातलं बोलत नाही.

सहावी पायरी: नोकरी

कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ चा. कलम ९ प्रमाणे तडजोडीचा प्रयत्न करणं न्यायालयावर बंधनकारक आहे, आणि कलम ६ मध्ये समुपदेशकांची तरतूद आहे. विदर्भात नागपूर, अमरावती, अकोला इथे अशी न्यायालयं आहेत. बाकी कामं सखी केंद्र, विशेष कक्ष, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, मैत्री क्लिनिक, एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन करणारं आयसीटीसी केंद्र, आणि स्वयंसेवी संस्था यांत मिळतात. यातली बरीच पदं कंत्राटी आहेत, आरोग्य अभियानातली तर अकरा अकरा महिन्यांची, आणि पगार वेळेवर येईलच असं धरून चालू नका. पहिली दोन वर्षं तरी जिथे केसेस भरपूर आणि वर कुणीतरी जाणता माणूस आहे, तिथेच राहा. दोनचार हजार कमी मिळाले तरी चालतील. एकट्याने खाजगी केंद्र उघडायची घाई त्या आधी करू नका.

प्रवेशाच्या तारखांचं असं आहे: सीयूईटी-पीजीचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि परीक्षा मार्चच्या आसपास असते, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच फॉर्म भरावा लागतो. आपल्या विद्यापीठांतले एमएसडब्ल्यू आणि एम.ए.चे प्रवेश पदवीचे निकाल लागल्यावर, पेरणीच्या दिवसांत सुरू होतात. घरचे सगळे वावरात असतात आणि कागदपत्रांसाठी सोबत यायला कुणी मोकळं नसतं. म्हणून गुणपत्रिका, टीसी, अधिवास, उत्पन्न आणि जातीचे दाखले मे महिन्यातच एका फाइलमध्ये लावून ठेवा.